दोन गिलासांचं चाक

आज भांडी आवरताना पितळेचे दोन गिलास तोंडाला तोंड लागून ओट्यावर घरंगळले आणि मी सिंदी गावातल्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं आणि बाबा मला परत पाठवायला तयार नव्हते. ते बैलबंडीतून स्टेशनवर कापूस वाहायचे. मी रेल्वेची चाकं शिकतोय म्हटल्यावर म्हणाले,

"चाक शिकाले कॉलेज काऊन लागते रे? चाक गोल असते, झालं!"

मी घाबरतच दोन गिलासांची तोंडं जुळवून चिंधीनं बांधली, दोन काठ्या रुळांसारख्या मांडल्या आणि गिलास त्यांवर सोडले. ते जरा वाकडे गेले, मग आपोआप मधोमध आले.

"रेल्वेचं चाक असंच उतरतं असते, बाबा, आतल्या बाजूले मोठं, बाहेरच्या बाजूले लहान. कडेले घासत नाई, म्हणून कमी झिजते. उतार किती ठेवाचा, तेच शिकून राह्यलो."

"रिकामं कोनीबी चालते. ओझं टाक."

आईनं ज्वारी आणली. भरलेले गिलासही मधोमधच आले. बाबा पुन्हा पुन्हा सोडून पाहू लागले.

"पोराले जाऊ देता, का तुमीच खेळून राह्यले?" आई हसली.

दुसऱ्या दिवशी ते मला पोचवायला आले. गाडी सुटली, मी हात हलवत होतो, पण ते वाकून चाकांकडेच बघत राहिले. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं.

आता नातीला गाडीत बसवून दिलं, की माझीही नजर खाली चाकांवर जाते.