मुठीवरचा खळगा

मार्सियालबाबानं खिशातून एक नाणं काढून ओदीलच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा तिला वाटलं, म्हातारा खूश झाला. काय म्हणावं या बाईला! सगळा जन्म ओब्राकच्या पठारावर गेला, गावातल्या निम्म्या लोकांच्या खिशातल्या चाकूंना तिनं नव्या मुठी बसवल्या, आणि तरी त्या नाण्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला नाही. ती हसली, नाणं खिशात टाकलं आणि म्हणाली, "बघा हं बाबा, तुमच्या चाकूची नवी मूठ, अक्रोडाचं लाकूड आहे. गालासारखं गुळगुळीत."

बाबाची मुलगी नादेज मात्र पांढरीफटक पडली.

आमच्याकडे चाकू कुणी कुणाला फुकट देत नाही. दिला तर माया तुटते म्हणतात. म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एखादं नाणं टेकवतो, अगदी बारकंसं का असेना. पण स्वतःचाच चाकू दुरुस्त होऊन घरी आला, तर नाणं कसलं?

"चांगला आहे," म्हातारा म्हणाला. त्यानं चाकू टेबलावर ठेवला आणि बोटांनी दूर सारला. "बाईनं प्रेमानं दिलाय, राहू दे. नादेज, आता माझा आण. पाव वाळतोय."

"बाबा, हाच तुमचा आहे. मूठ चिरली होती ना? तळहातात घुसायची, रक्त यायचं. ओदीलनं मूठ तेवढी बदलली. पातं तेच आहे."

"मला वेडा समजतेस? डोळे गेलेत, हात गेले नाहीत."

नव्वदीच्या पुढचा माणूस. दिसत नव्हतं, मुलीचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. पण जेवायचा तो स्वतःच्या चाकूनं, अगदी पोरवयापासून. पाव त्यानंच कापायचा, सॉसेज त्यानंच, चीजही त्यानंच. त्याचा चाकू उघडला की घर जेवायला बसायचं आणि मिटला की उठायचं. त्या दिवशी चाकू उघडलाच नाही. नादेजनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि म्हाताऱ्यापुढचं ताट तसंच उचललं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नादेजचा फोन आला.

"सूपाचे दोन चमचे, बस्स. बाकी तोंडाला कुलूप. 'माझा चाकू आण' एवढं एकच म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत जेवला नाही तर इस्पितळात न्यायचा आणि नळीनं भरवायचं. ओदील, तिकडे गेला तर तो परत येत नाही बघ. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. जुनी मूठ दे मला, सुतळीनं बांधते."

ओदीलकडे जुनी मूठ नव्हती. तिनं ती चुलीत घातली होती.

ती नेहमी तसंच करायची. ती शाळेची बस चालवायची; सकाळी पोरांना सोडून आली की संध्याकाळपर्यंत बाई मोकळी. मग धुण्याच्या खोलीत व्हाइस, कानशी, पॉलिश पेपर घेऊन बसायची. खिळ्या काढल्या, जुनी मूठ चुलीत, नवीन बसवली, चकचकीत केली, संपलं. बदल्यात कुणी अंडी द्यायचं, कुणी सॉसेज. बाबाच्या मुठीचं शिंग जळलं तेव्हा तिचा नवरा जिल्बेर नाक धरून ओरडला होता, "अगं, कोण मेलं घरात?" आणि ही हसली होती. आता तेच वाक्य तिच्या कानात घुमायला लागलं.

"आ बैल मला मार, दुसरं काय!" जिल्बेर म्हणाला. "तुला कुणी सांगितलं होतं पठारावरचे सगळे चाकू नवे कोरे करायला?"

"टोमणे नंतर मार. शिंग कुठे ठेवलंय?"

तिनं नादेजकडून चाकू परत आणला, अक्रोड काढून टाकला आणि गाईच्या शिंगाच्या पट्ट्या बसवल्या. जुनं जसं आठवत होतं तसंच. अंगठा टेकायचा तिथे खळगा घासला, पहिल्या बोटाखाली उतार दिला. बुधवारी ती चाकू घेऊन गेली. म्हातारा खुर्चीत बसला होता, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. ओदीलला ते बघवेना. त्यानं चाकू हातात घेतला, वळवला, पुन्हा वळवला. नादेजनं ओदीलचा दंड घट्ट धरला होता.

म्हाताऱ्याचा हात खिशाकडे गेला आणि त्यानं दुसरं नाणं काढलं.

"बाई मनानं चांगली आहे," तो नादेजला म्हणाला. "पण चाकू विकत फिरते की काय?"

बाहेर अंगणात नादेजचा बांध फुटला. "तुझी हौस होते आणि माझा बाप जातो! चिरलेली मूठच बरी होती. रक्त यायचं, पण जेवायचा तरी!"

 खरंच होतं ते. घरी येऊन ओदीलनं चाकू आणि दोन्ही नाणी टेबलावर ठेवली आणि ढसाढसा रडली. जिल्बेरनं कॉफी केली. मग तो म्हणाला, "तू आठवून आठवून करतेस. पण ती मूठ तू किती दिवस हातात धरलीस? एक दिवस. त्यानं ऐंशी वर्षं धरली. मूठ जळली, हात तर आहे ना?"

ओदीलनं डोळे पुसले. मूठ झिजते ती हातानं. म्हणजे तो आकार अजून बाबाच्या हातात होताच.

गुरुवारी सकाळची फेरी संपताच ती डेअरीतून कच्च्या चीजचा गोळा घेऊन निघाली. शिंगाच्या पट्ट्या काढून चाकूच्या पोलादी सांगाड्यावर तिनं दोन्ही बाजूंनी कोमट मेण थापलं होतं. नादेजनं दार उघडलं, पण या म्हणाली नाही.

"बाबा," ओदील म्हणाली, "तुम्ही डोंगरावरच्या झोपडीत इतके उन्हाळे चीज केलंत. हे जरा बघता? डेअरीतला नवा माणूस म्हणतो, तयार आहे. मला काही पटत नाही."

"मी जेवत नाहीये."

"खायला कोण सांगतंय? कापून बघा फक्त."

म्हाताऱ्याचं नाक फुरफुरलं. सुंभ जळला तरी पीळ जातोय होय! त्यानं हात पुढे केला. ओदीलनं चाकू हळूच दिला. आता हा मेण पुसायला लागला तर? नाहीतर चाकूच फेकून दिला तर?

"चिकट आहे हे."

"मेण लागलंय. माझी मूठ अजून व्हायचीय."

"तुझ्या कधी होतात!" म्हातारा म्हणाला आणि त्यानं गोळ्यात पातं घातलं. कापलं. तुकडा दोन बोटांत चुरला, वास घेतला. "पाणी राहिलंय यात. कोण गाढव तयार म्हणतं याला? घेऊन जा."

त्यानं एक घासही खाल्ला नाही. पण मेणावर त्याच्या हाताचा ठसा उठला होता.

गाडीत बसून ओदीलनं ते मेण पाहिलं. पहिल्या बोटाची खूणच नव्हती. तरुणपणी गाईच्या दोरात अडकून बाबाचं ते बोट वाकडं झालं होतं, ते मुठीवर टेकतच नव्हतं. सगळा भार मधल्या बोटावर. अंगठाही वर नव्हता, कडेला होता. तिनं केलेले दोन्ही खळगे साफ चुकीच्या जागी होते.

शिंगाच्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या. त्या दिवशी दुपारी आणि शुक्रवारी सकाळची फेरी झाल्यावर ती कानस घेऊन बसली. थोडं घासायचं, मेणाशी ताडून बघायचं, पुन्हा थोडं. शेवटची पितळी खिळी ठोकताना बारीकसा आवाज झाला आणि शिंगावर केसाएवढी चीर उठली. ओदीलची हातोडी तशीच वर राहिली. चीर पुढे गेली असती तर सगळंच गेलं होतं. तिनं हातोडी खाली ठेवली आणि खिळीचं उरलेलं टोक कानशीनंच घासून सपाट केलं. आता चकचकीत करायला हात नुसते शिवशिवत होते. पण नाही केलं. लोण्याचा हात फिरवला आणि पळाली.

दारात इस्पितळाची गाडी उभी होती. म्हाताऱ्याच्या अंगात कोट चढवला होता, दोन माणसं खुर्ची घेऊन तयार होती.

"एक मिनिट थांबा हो!" ओदील धापा टाकत म्हणाली आणि तिनं चाकू त्याच्या हातात ठेवला.

 म्हाताऱ्याचं मधलं बोट खळग्यात बसलं. अंगठा कडेवर गेला, थांबला, मागे आला, पुन्हा गेला. मग चाकू डाव्या हातात घेऊन त्यानं उजवा हात कोटाच्या खिशात घातला. नादेजनं डोळे मिटून घेतले.  खिशात बराच वेळ चाचपणी चालली होती.

हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. म्हाताऱ्यानं चाकू उघडला आणि पातं पुसलं.

"कुठे होता?" त्यानं विचारलं. नादेजनं ओदीलकडे बघितलं. "कुठे होता विचारतोय!"

"माझ्याकडे," ओदील म्हणाली.

"वाटलंच मला! चोरटी कुठली! माझा चाकू स्वतःच्या खिशात, आणि मला दोन भिकार चाकू गळ्यात मारतेस? आण माझी नाणी. दोन्ही."

नाणी ओदीलच्या कोटातच होती. तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं चाचपून बघितली आणि खिशात टाकली. मग कोटासकट टेबलाशी सरकून बसला. नादेजनं धावत पाव आणला, सॉसेज आणलं. खुर्चीवाल्या माणसांपैकी एकानं घड्याळ बघितलं, दुसऱ्यानं त्याला बाहेर ओढलं. चाकू उघडा असताना पठारावर कुणी कुणाला टेबलावरून उठवत नाही.

म्हातारा कापत होता आणि खात होता, जबडा हळूहळू चालत होता. नादेज त्याच्यासमोर बसली आणि कितीतरी दिवसांनी तिनं बसून पहिला घास घेतला. ओदील मागे सरकून दाराशी उभी राहिली, थांबावं की जावं कळेना.

"गेली का ती चोर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"इथेच आहे, बाबा."

त्यानं पावाचा जाड तुकडा कापला, वर सॉसेजची चकती ठेवली आणि दाराच्या दिशेनं हात लांब केला.

"बस म्हणावं तिला. चाकू मिटेपर्यंत खाऊन घे म्हणावं."