यानातला वऱ्हाडी माणूस

परदेशी सिनेमातले तुकडे उचलायचे आणि त्यातल्या गोऱ्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी घालायची, असा एक उद्योग आमच्या अमरावती-अकोल्याकडे जोरात आहे. घरोघरी मोबाइलवर तो पाहिला जातो. कृती सोपी. चोरामागे पळणाऱ्या पोलिसाला "थांब ना बे, दम लागला मले" म्हणायला लावायचं. राणी आरशासमोर बसली की तिला ठेचा आठवला पाहिजे. मध्येच पातूरसारख्या आमच्याकडच्या एखाद्या गावाचं नाव टाकायचं, एक शिवी, एक ढेकर, आणि मागून हशा जोडून द्यायचा. लोक पोट धरून हसतात. मला या प्रकाराची शिसारी येते, आणि बरेच दिवस मी त्यात आवाज देत होतो.

आवाज हेच माझं भांडवल. मी अकोल्यात जुन्या शहरात राहतो आणि लग्नाचे स्वागत समारंभ, उद्घाटनं, सत्कार यांचं सूत्रसंचालन करतो. माइकवरचं माझं मराठी ऐकून लोक विचारतात, तुम्ही मूळचे पुण्याचे का? मी मूळचा हिवरखेडचा. आमचं माळव्याचं काम. वडील वांगी-कोथिंबीर पिकवायचे आणि आई बाजारात विकायची. घरात पाऊल टाकलं की माझी जीभ आपोआप वळते. पुण्यात एकदा साडीच्या दुकानात बायकोशी बोलताना ती अशीच वळली, तर गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "विदर्भातले का तुम्ही? बोला ना अजून, मजा वाटते." जत्रेतल्या माकडाला बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

पण पुणेकरांना नावं ठेवून काय उपयोग? आमचा हा धंदा पुणेकर थोडेच चालवतात. तो चालवतो अमरावतीचाच एक तरुण, आमच्याच मातीतला, मला "सर, सर" करत पाया पडणारा. आपल्या आईच्या बोलीची रोज फजिती करायची आणि वर "मी बोली जगवून राह्यलो" म्हणून छाती फुगवायची, हे त्याला जमतं.

त्याने एकदा अंतराळवीरांचा सिनेमा आणला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या तळावर आग लागते. तिघं परतीच्या यानात पोचतात, चौथा तळाच्या मागच्या खोलीत अडकतो. तो त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा, यंत्रं सांभाळणारा माणूस. मधलं दार उघडलं तर धूर पुढे जाईल आणि चौघंही जातील, म्हणून तो ते उघडू देत नाही. त्याच्याकडची हवा कमी होत जाते आणि तो रेडिओवरून बाकीच्यांना शांतपणे सांगत राहतो, कोणतं बटण आधी दाबायचं, कोणतं नंतर. या माणसाचा आवाज मला द्यायचा होता.

तरुणाने संवाद लिहून आणले होते. हवा संपत आलेला तो माणूस म्हणणार, "अबे खिडकी उघडा ना, कोन पादलं बे?" मी कागद त्याच्यासमोर टाकला. म्हटलं, "हे मी बोलनार नाही."

"सर, लोकायले हासाले पायजे."

"बाकी पूर्ण सिनेमात हासव. हा एवढा भाग मी सरळ करतो. हशा लावायचा नाही, एक शब्द बदलायचा नाही. नाही तर दुसरा आवाज पाहा."

त्याला दुसरा असा आवाज मिळत नव्हता. तो कबूल झाला.

मी एवढा का अडून बसलो ते सांगतो. माझे वडील अकोल्यातल्या एका दवाखान्यात फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. दिवसा आई त्यांच्याजवळ बसायची, रात्री मी. त्यांना श्वास पुरत नव्हता. ते म्हणायचे, "जीव कोंडून राह्यला माह्या. पन तुमी जेवून घ्या." दुसऱ्याच्या जेवणाची काळजी त्यांना शेवटपर्यंत होती. मला त्या दुःखासाठी पुस्तकी मराठीत शब्द सापडत नाही. 'श्वास घ्यायला त्रास होत आहे' हे तर कुणीही फॉर्मवर लिहील. म्हणून मी त्या अंतराळवीराला वडिलांची भाषा दिली. "जीव कोंडून राह्यला माह्या. पन तुमी निंघा. खाली उतरल्यावर आंदी जेवून घेजा, मंग बाकीचं." वऱ्हाडीत माणूस शहाण्यासारखा मरू शकतो, हे एकदा तरी लोकांनी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा काचेपलीकडच्या तरुणाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मला वाटलं, जमलं.

मग त्याने आपल्या यूट्यूब चॅनलचा वाढदिवस काढला. अमरावतीत बायपासजवळचं एक लॉन, डीजे, फेटे बांधलेले पाहुणे, शाली, नारळ, आणि प्रत्येक भाषणात 'आपली मायबोली' हा शब्द. जे बोलत होते ते सगळे घरी पोरांशी इंग्रजी फाडणारे. एक पाहुणे म्हणाले, वऱ्हाडी म्हणजे नुसता हशा, या बोलीत माणूस रडूच शकत नाही. टाळ्या पडल्या. मी स्टेजवर माइक धरून हसऱ्या तोंडाने पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव घेतलं.

सत्कार आटोपल्यावर मोठ्या पडद्यावर तो सिनेमा लावायचा होता. मी आईला मुद्दाम हिवरखेडहून आणलं होतं. तिला हिंदी जेमतेम कळतं, इंग्रजी तर नाहीच, त्यामुळे आभाळातला सिनेमा तिने कधी धड पाहिला नव्हता. पुढच्या रांगेत मी तिच्याजवळ जाऊन बसलो. सुरुवातीचे ढेकर-शिव्या झाल्या, लोक हसले, आईही पदर तोंडाला लावून थोडी हसली. मग तो भाग आला.

तरुणाने शब्द पाळला होता. मागून हशा नव्हता, संगीतसुद्धा बंद केलं होतं. पडद्यावर काचेआड घामाने भिजलेला चेहरा, आणि माझा आवाज, "जीव कोंडून राह्यला..."

अख्खं लॉन खदखदून हसलं.

मला वाटलं, सवयीने हसले असतील, आता थांबतील. तो "जेवून घेजा" म्हणाला तेव्हा शिट्ट्या पडल्या. मागे कुणीतरी त्याची नक्कल केली आणि त्यावर आणखी हसू फुटलं. यात एकही परका नव्हता. अकोट, दर्यापूर, अचलपूर, सगळे आपलेच. ज्यांच्या बापांनी आयुष्यभर याच शब्दांत दुखणी सांगितली ते लोक मांडीवर थापा मारून हसत होते. इतकी किळस मला कधी कुणाची आली नव्हती. उठून माइक घ्यावा आणि एकेकाच्या बापाची आठवण काढावी असं वाटलं, पण आई शेजारी होती.

आईने मान वळवून मागच्या लोकांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "तो मानूस मरून राह्यला ना?"

"हो."

"मंग हे लोकं काहून हासून राह्यले?"

मी रागात होतो. म्हणालो, "आपल्या बोलीत मरून राह्यला, म्हनून."

आई पुन्हा पडद्याकडे वळली. पडद्यावर यान सुटलं, तिघं रडत होते, माणसं अजून हसतच होती. मला वाटलं, ती विसरली. मग पडद्याकडेच बघत ती हळू आवाजात म्हणाली, "तुह्या बाबानं डॉक्टरले सांगतलं ना, जीव कोंडून राह्यला म्हनून, तवा डॉक्टर बी हासला होता. सोबतच्या नर्सकडे पाहून. मले वाटलं, डॉक्टर हासला मंजे आता घोर नाही. मी निवांत खाली गेली अन् चाय पेली."