बाबांची सिस्टर

वॉर्डातली ड्यूटी सांभाळून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी कित्येक वर्षं तत्त्वज्ञान शिकवते आहे. विषयाचं नाव ऐकूनच पोरी जांभया देतात. मग मी सगळं सार एका वाक्यात सांगून मोकळी होते, 'पेशंटला आपल्या घरचं माणूस समजा.' पोरी ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि पास होतात. मीही अशीच पास झाले होते. घरचं माणूसच पेशंट झालं तर त्याला काय समजायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि विचारायचं मलाही सुचलं नाही.

बाबांची डावी बाजू लकव्याने गेली तेव्हा मी रजा टाकून गावी, कारध्याला आले. आई आधीच गेलेली, भावंडं नाहीत. बाबांचा जन्म वैनगंगेत जाळं टाकण्यात गेला, तोही उघड्या अंगाने, साऱ्या गावासमोर. पण मी कोमट पाण्याची बादली घेऊन आले, तशी त्यांनी चांगल्या हाताने लुंगी गच्च धरली.

"तू नोको बाई. पोरीच्या हातानं हे करून घेतेत का कोणी?"

"बाबा, दवाखान्यात मी रोज हेच करते."

"ते परके लोक हायेत."

मी समजावलं, चिडले, रडलेही. ढिम्म! तसंच ठेवावं तर पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चादर ओली झाली, तेव्हा तोड त्यांनीच काढली. भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "सिस्टर, तुमी करा."

मी ग्लोव्हज घातले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाले, "आजोबा, कुशीवर व्हा बरं." त्यांची मूठ सुटली. काम नीट झालं.

मला वाटलं, हे अंग पुसण्यापुरतंच असेल. पण हळूहळू जेवण भरवताना, पाणी पाजताना, सगळीकडे मी सिस्टरच झाले. त्यांना खरंच विसर पडला होता की ते मुद्दाम करत होते, मला कळेना. 'मी तुमची पोरगी' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर लुंगी पुन्हा गच्च धरली असती.

परवा त्यांना ताप भरला. म्हणाले, "सिस्टर, माह्या पोरीले बलावून द्या ना. लय दिस झाले, दिसली नाई."

मी अंगणात गेले. ग्लोव्हज काढले, चेहरा धुतला, आणि आत येऊन खाटेशी बसले. "बाबा, मी आले."

त्यांचा चेहरा असा काही फुलला! माझा हात धरून म्हणाले, "आली का बाई? जेवली का?" मी हो म्हटलं. किती दिवसांनी मला माझे बाबा भेटले होते. मला तिथून हलायचंच नव्हतं.

तेवढ्यात वास आला. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

"तू बाहेर जा बाई," ते म्हणाले. "अन् सिस्टरले पाठव."

मी बाहेर आले. ग्लोव्हज घालून लगेच आत जायला हवं होतं. पण पायच उचलेनात.