तांडेलाची दुसरी घंटा

आमचा तांडेल सांगितलेलं परत म्हणून घ्यायचा. धक्क्यावर चहा मागवला तरी चहावाल्याला विचारायचा, "काय सांगितलां मी? सांगितलां म्हणजे पोचलां असां नाय. परत म्हण." नार्व्याच्या फेरीला आमची गॅझोलिन होती, म्हणजे माणसं नेणारी लाँच. तो वर सुकाणूवर, मी खाली इंजिनवर. मला वरचं काही दिसत नसे. एक घंटा म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे.

तेव्हा लाँचभर राजभाषा कोकणी की मराठी यावरून भांडणं. तांडेल वरून ओरडायचा, "कोकणीत बोला नायतर मराठीत, बुडताना बोंब एकच!" लोक हसायचे.

माझ्यावर मात्र चिडायचा. घंटा झाली की मी फळीवर हातोडी मारून उत्तर द्यायचं, असा त्याचा नियम. मी तो सोडून दिला. म्हटलं, "तांडेला, बारा वर्षं झाली. तुझ्या मनातलं मला कळतं."

"मनातलां कळता, तर घोवा-बायलेचां भांडाण कित्याक जाता रे?"

नार्व्याच्या अष्टमीच्या जत्रेचा दिवस, लाँच गच्च. धक्क्याला लागताना रोज दोन घंटा व्हायच्या. पहिली वाजली, आणि दुसरीची वाट न बघता मी इंजिन मागे टाकलं. दुसरी येणारच नव्हती. सुर्ल्याहून खनिज भरलेली बार्ज अंगावर येत होती, तांडेलाला पुढे निसटायचं होतं. लाँच बार्जच्या तोंडात थांबली. तीन बायका पाण्यात पडल्या. दोघी वर आल्या. मी वर येऊन बघतो तर तिसरीची केळ्यांची टोपली तेवढी तरंगत होती. ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

चौकशीत तांडेल म्हणाला, "चुकून दोन घंटा मीच दिल्या." बाहेर येऊन मला म्हणाला, "तुझी बायल गरवार आसा. तोंड बंद ठेव." मी ठेवलं. त्याची नोकरी गेली, तो पार्शाला, आपल्या गावी, निघून गेला. गोव्याचं राज्य झालं, मला मुलगा झाला, दोन्हीचे पेढे लोकांनी खाल्ले.

बायको जन्मभर सांगत राहिली, जाऊन खरं सांग. गेल्या महिन्यात तीच गेली. बाराव्यानंतर पार्शाला गेलो. तांडेल जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची मुलगी अंगणात काजू सोलत होती. मी उभ्यानंच सांगितलं, दुसरी घंटा तुझ्या बापाची नव्हती, चूक माझी.

ती म्हणाली, "ह्यां माझ्या आवशीक सांगूक होयां होतां. बुडलेल्या बायच्या घरच्यांका तोंड कशां दाखवू म्हणून ती मरेपर्यंत नार्व्याक गेली नाय."

मग ती आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला. आतून कडी लागली.

बरं केलं तिनं.