बैलासारखी पारखलेली मोटर

डोंग्यासाठी विजेची मोटर निवडायची होती आणि मी ती बैल पारखतात तशी पारखली. चुकीची घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तर आज सांगण्यासारखं काही उरलंच नसतं, पण एका चुकीवर थांबणं आमच्या घराण्यात बसत नाही.

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. मेडशीकडे आमचा भाजीचा मळा: वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. मळ्याच्या खालच्या अंगाला तलाव आणि तलावाच्या काठाला भोयांची दहा-बारा घरं. त्यातल्या एका म्हाताऱ्या भोयाला मी काका म्हणायचो. पोहायला त्यानंच शिकवलं मला. शिकवलं म्हणजे डोंग्यातून खाली टाकलं आणि वर चिलीम ओढत बसला. आमच्याकडून त्याच्या घरी भाजी जायची, त्याच्याकडून आमच्याकडे मासळी यायची. शिंगाड्याच्या दिवसांत काकी उकडलेले गरम शिंगाडे माझ्या धोतराच्या ओच्यात ओतायची आणि मी पोट भाजून घेत बांधावरून पळायचो. त्या चिखलट गोड वासानं अजूनही भूक लागते, आणि आता दात नाहीत.

त्या उन्हाळ्यात काका बैलगाडीवरून पडला. उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण हात काही वर जाईना. आणि बांबूनं डोंगा रेटायचा म्हणजे सगळा जोर त्या खांद्याचा.

भोयांची एक रीत होती. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी ज्यानं त्यानं आपला डोंगा या काठावरून त्या काठाला न्यायचा. नेला, की तलावातली त्याची जाळ्याची जागा वर्षभर त्याची. नाही नेता आला, तर जागा दुसऱ्याची. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर तो डोंगा पोचलाच नाही असं धरायचे. काकाची जागा पिंपळाखालच्या डोहाची, भर मासळीची. मूलबाळ नव्हतं. जागा गेली की दोघांनी लोकांची फाटकी जाळी सांधत बसायचं, हे काठावरच्या कुत्र्यालाही कळत होतं. अखाजी पंधरा दिवसांवर आली होती.

"दुसऱ्याचा हात नाई लागला पायजे ना?" मी काकाला म्हटलं. "मंग मशीनले कुठं हात असते?"

काकानं चिलीम तोंडातून काढली. "पोट्ट्या, तुह्या डोक्यात हे कोनं भरवलं?"

कोणी नव्हतं भरवलं. जवळच्या मालेगावला प्रवासी मोटर थांबायची तिथं एका मिस्त्रीचं टपरं होतं. लढाईतून भंगारात निघालेल्या गाड्यांचं सामान त्यानं ढिगानं आणून ठेवलं होतं. भाजी उतरवून झाली की मी तिथं बसायचो. जळक्या तेलाचा वास, टिनाच्या छपरावर तापलेलं ऊन, आणि मिस्त्री नुसत्या कानानं गाडीचा आजार सांगायचा. मला वाटायचं, जगात शिकण्यासारखं जे काही आहे ते या टपऱ्यात आहे. शिकलो काहीच नाही. बसलो मात्र खूप.

भोयांच्या म्होरक्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "बांबूले हात लावू नको, पान्यात उतरू नको. मंग मशीन लाव नाईतं भूत लाव."

मी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं दोन मोटरी पुढ्यात ठेवल्या. एक नारळाएवढी, कुठल्याशा साहेबाच्या गाडीतल्या पंख्याची. दुसरी लॉरीचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. हातात घेतली तर मनगट वाकलं.

आमच्या वडिलांची बैलाची पारख पंचक्रोशीत नावाजलेली. दात बघायचे, खांदा दाबायचा, मग हळूच शेपटीला हात लावायचा. जो बैल उसळून लाथ झाडील तो घ्यायचा. जो नुसता मान हलवील तो पुढच्या गिऱ्हाइकाला सोडायचा. मी मोटरींपुढे उकिडवा बसलो आणि म्हटलं, "मिस्त्री, जरा तार लावून दाखवा."

छोटीला तार लावली. ती गुणगुणायला लागली, झोपाळ्यावरच्या बाईसारखी. सेल्फला तार लावली तसा तो असा उसळला की फळीवरून खाली पडला आणि मिस्त्रीचा चहा सांडला.

"हाच!" मी म्हटलं.

"अरे भाई, ये बैल नहीं है," मिस्त्री म्हणाला. "ये दो मिनट का पहलवान है. इंजन को एक धक्का मारना और सो जाना, इतनाच इसका काम. बॅटरी गटागटा पी जाएगा. छोटीवाली ले जा. धीरे चलेगी, लेकिन घर पहुँचाएगी."

मला वाटलं, चांगला माल याला विकायचा नाही. बाजारात सगळेच असं करतात. वांग्याच्या दोन पाट्या दिल्या आणि सेल्फ घेतला. त्याला मिस्त्रीनं लांब सळई आणि टोकाला पत्र्याची चार पाती बसवून दिली, एका रुंद फळीवर हातानं फिरवायच्या नटांनी कसून दिलं, भरलेली बॅटरी दिली. निघताना त्यानं नुसतं कपाळावर बोट टेकवलं. मी ते सलाम समजलो.

अखाजीच्या आदल्या दिवशी मळ्यातल्या हौदात मोटर चालवून बघितली. पाण्याचा असा फवारा उडाला की वडील, त्यांची चिलीम आणि शेजारचा मिरचीचा वाफा, तिघंही भिजले.

"हे काय करून राह्यला?" वडील ओरडले.

मला इतका आनंद झाला की आणखी दोनदा चालवली. तिसऱ्या वेळी जरा मंद वाटली. थकली असंल, मी म्हटलं. दिवसभर औत ओढलेला बैल रात्री कडबा खाऊन दावणीला पडला की सकाळी ताजा होतो, हे मला पाळण्यापासून माहीत. मी बॅटरी गोठ्यात नेऊन ठेवली, वारा लागेल अशी, आणि वर ओलं पोतं घातलं. कडबा टाकला नाही, एवढी अक्कल होती.

सकाळी सगळा भोयवाडा काठावर. पितरांसाठी पाण्याचा करा भरून झालेल्या बायका, चिलमी पेटलेल्या, पोरं करंजाच्या झाडावर. एकेक डोंगा बांबूच्या रेट्यानं सुळकन जात होता. आमची पाळी आली. मोटरीची फळी डोंग्याच्या मागच्या अंगाला दोरीनं बांधली होती. मी तारा धरायला मागे बसलो. काकानं सवयीनं बांबू आत घेतला. मी तो परत काठावर टाकायला सांगितलं.

"काका, मोटर लागल्यावर बैल जुंपते का कोनी?"

"असू दे ना बाप्पा. खाते का काही तो?"

"नाई. लोकं म्हनतीन बांबूनं नेला." काकानं बांबू काठावर टाकला.

तार लावली. डोंगा असा सुटला की काका उताणा माझ्या मांडीवर. काठावर आरोळी उठली. मी एका हातानं फेटा धरला आणि गावाकडे बघून हसलो. ते हसू अजून ओठांवर होतं तेव्हा आवाज खाली आला. मग घरघर. मग भर तलावात, डोहाच्या अलीकडे, अगदी शांत झालं. एक पाणकोंबडी तेवढी ओरडली.

तार पुन्हा लावली. मोटर एकदा कण्हली आणि गप्प झाली. वारा आम्हाला गोल फिरवत होता.

"थकली का?" काकानं विचारलं.

"काका, मी उतरून ढकलतो."

"बस खाली!" तो असा ओरडला की मी बसलो. "तुहा हात लागला का जागा गेली." त्यानं पिंपळाकडे पाहिलं. त्याचं तोंड तसं मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी खेळत होतो आणि तो खेळत नव्हता.

तो मोटरीकडे वळला. मग दोरी सोडून, गुडघ्यात फळी दाबून त्यानं डाव्या हातानं एकेक नट फिरवला, सेल्फ काढून माझ्या मांडीवर ठेवला, आणि ती रुंद फळी पाण्यात घातली. बांबूला खांदा लागतो. फळीला मनगट पुरलं. दोन हात मारायचे या बाजूला, दोन त्या बाजूला. डोंगा गोगलगायीसारखा निघाला. घामानं त्याची पाठ चमकत होती. मी तापलेली मोटर पोटाशी धरून बसलो होतो, लहानपणी शिंगाडे धरायचो तसा, आणि तशीच ती पोट भाजत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा डोंग्याचं नाक त्या काठाच्या चिखलात रुतलं. म्होरक्यानं फळी बघितली, माझे कोरडे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "पोचला. जागा याचीच."

काकी तलावाला वळसा घालून पळत आली होती. तिनं काकाचा डावा हात पदरानं पुसला, बॅटरी बघितली, मोटर बघितली, मग मला, आणि काकाला म्हणाली,

"ते लोखंड तं बुडलं असतं, म्हनून ठेवलं, समजते. पन या धोंड्याले पोहता येते ना? मंग वजन कमी कराले याले तिथंच काहून नाई टाकला पान्यात?"