पोलिश नवरीची वेणी

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दाराजवळ एक खोका आहे. मुलांचे विसरलेले हातमोजे त्यात टाकतात. विंटर संपेपर्यंत खोका भरतो, आणि जोडी एकाचीही लागत नाही! माझ्याकडचे किस्से असेच जमलेत. चार वर्षं दर शनिवारी सकाळी नातीला घेऊन मी त्या हॉलमधल्या मागच्या बाकावर बसलो. शाळा माझी दुसरीतच सुटली, त्यामुळे वाचत बसायची सवय नाही. मग काय, बघत बसायचं.

नातीचं नाव अनिशा. वर्ग मात्र पोलिश मुलांचा. पोलंडच्या खेड्यांतली नाचगाणी इथल्या मुलांनी विसरू नयेत म्हणून हालिनाबाई तो चालवतात. वसईच्या परेरांची पोर तिथं कशी? तर आम्ही इथं कॅनडात, मिल्टनला नवीन घरात आलो तेव्हा माझा मुलगा विल्सन म्हणाला, "पप्पा, इंडियन डान्सचा क्लास ड्राइव्ह करून चाळीस मिनिटं. पोलिश डान्स चालत पाच मिनिटं."

सून म्हणाली, "अरे, पण आपलं कल्चर?"

"आपलं कल्चर विंटर टायर लावून जायच्या अंतरावर आहे!"

झालं, अ‍ॅडमिशन पक्की!

*

बाकावर माझ्या शेजारी यादविगा आजी बसायच्या. त्यांची नात झोशा याच वर्गात. आजींना पोलिश सोडून काही येत नाही. इंग्लिश मला ऐकून कळतं, पण बोलायचं तर बस ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणण्यापुरतं. म्हणून त्या पोलिशमध्ये बोलायच्या, मी मराठीत. एकदा त्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ काही सांगत होत्या. मी म्हटलं, "बाई, माझाही डावाच दुखतो," आणि वसईहून आणलेल्या बामची डबी त्यांना दिली.

पुढल्या शनिवारी त्यांच्यासोबत आणखी तीन पोलिश आज्या आल्या. चौघींनी गुडघे माझ्याकडे वळवले!

विल्सन म्हणतो, "पप्पा, डॉक्टरकीचं लायसन्स काढा आता."

*

वर्गात मुली बारा आणि मुलगे चार. जोडीनं नाचायची वेळ आली की चौघांनाही एकदम वॉशरूमला लागायची. एकदा दहा मिनिटं झाली तरी कोणी बाहेर येईना. हालिनाबाई दारापाशी गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. आजचे डोनट्स मुली खातील."

चौघंही धावत बाहेर! घाईत एकानं हात न धुताच जोडीदारणीचा हात धरला. ती किंचाळली, "मिस हालिना, ही डिडन्ट वॉश!"

पुढच्या वेळी सगळ्या मुली पांढरे हातमोजे घालून हजर. बघायला आलेल्या एका पाहुणीनं कौतुकानं विचारलं, "हे हातमोजे पोलंडच्या कुठल्या भागातले?"

हालिनाबाई म्हणाल्या, "वॉशरूमच्या."

*

हा किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. अनिशाचा ड्रेस घरी आला तेव्हा बघतो तर काय, खांद्यावरून रंगीत फिती नुसत्या लोंबतायत! वर एक टाका आणि खाली काहीच नाही. म्हटलं, कुणीतरी अर्धवट काम टाकून पळालंय. दोन दिवस बसून एकेक फीत कमरेपर्यंत बारीक टाक्यांनी पक्की केली.

शनिवारी मुली गिरक्या घ्यायला लागल्या. अकराजणींच्या फिती पतंगाच्या शेपट्यांसारख्या हवेत. आमची मात्र टपाल खात्याच्या थैलीसारखी, जिथल्या तिथं!

हालिनाबाईंनी टाक्यांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मिस्टर परेरा, इतकी सुंदर शिलाई मी पाहिली नाही. आता उसवा."

*

आता शेवटचा. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं वर्ष होतं. बाईंनी खेड्यातल्या लग्नाचा देखावा बसवायला घेतला. त्यांच्याकडे रीत अशी, की बायका नवरीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट उतरवतात, वेणी सोडतात आणि लग्न झालेल्या बाईची टोपी घालतात. वेणी सुटली की मुलगीपण सुटलं. त्या वेळी नवरीनं रडायचं.

कमरेपर्यंत वेणी वर्गात एकटीचीच, अनिशाची. तिला मी दर रविवारी खोबरेल लावत होतो. तीन वर्षं मागच्या रांगेत काढलेली पोर एकदम नवरी झाली! घरी येऊन तिनं जिन्यावरून ओरडून सांगितलं, "आय ॲम द ब्राइड!"

पण तिला रडू येईना. वेणीला हात लागला की गुदगुल्या व्हायच्या आणि ती खिदळायची. कांदा आणला, तर शिंकली. "काहीतरी दुःखाचं आठव," असं बाईंनी सांगितलं, तर म्हणाली, "आय ॲम ट्रायिंग, पण मला पिझ्झाच आठवतो!"

शेवटी बाई म्हणाल्या, "शनिवारी सगळ्यांसमोर रंगीत तालीम. रडली तर अनिशा. नाही तर झोशाला खोटी वेणी लावू." झोशा नळ सोडल्यासारखी रडायची.

शुक्रवारी तेल लावताना पोर हळूच म्हणाली, "आजोबा, मला परत मागे नाही जायचं."

शनिवारी हॉल भरला. मी पहिल्या रांगेत. अकॉर्डियन हळू वाजायला लागलं. खेड्यातल्या बायका म्हणून बाईंनी आज्यांनाच स्टेजवर घेतलं होतं; यादविगा आजींनी मुकुट उतरवला. वेणीचा एक पेड सुटला, दुसरा सुटला. अनिशाचे ओठ हसू दाबून थरथरायला लागले. झोशा विंगेत तयार.

आणि मला काय झालं कोण जाणे. माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात मी बँडवाल्यांना जेवायला वाढत होतो, तिची पाठवणी मी पाहिलीच नाही. ते तिथं वर आलं. मी तोंडावर रुमाल धरला, पण आवाज थांबेना. हंबरडाच तो! अकॉर्डियन थांबलं. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय.

अनिशानं स्टेजवर पाय आपटला.

"आजोबा, स्टॉप! दॅट्स माय पार्ट!"

आणि संतापानं जी रडायला लागली, ती टोपी घालून झाली तरी थांबेना.

हालिनाबाईंनी कागदावर अनिशाच्या नावापुढे टिक केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मिस्टर परेरा, शोच्या दिवशी याच खुर्चीवर बसा."