न आलेल्या गेमचं बुकिंग

दुकानाच्या काउंटरवर चार-पाच वर्षं बसलं की किस्से साठतात. माल तरी संपतो, हे संपत नाहीत! २००३ च्या सुमारास माझ्या थोरल्या भावाने, दादाने, रत्नागिरीत कॉम्प्युटर गेम्सचं दुकान काढलं आणि काउंटरवर मला बसवलं. गेम बाजारात यायच्या आधीच थोडे पैसे भरून नाव नोंदवायचं, म्हणजे 'प्री-ऑर्डर', ही टूम त्याचीच.

"न बघितलेल्या वस्तूचे पैसे घेणं बरं नव्हे," मी म्हणायची.

"नुकसान कुणाचं होतंय?" हा त्याचा ठरलेला सवाल.

*

पहिले आले आबा, आंब्याचे बागायतदार. पुतण्याला गाड्यांच्या शर्यतीचा गेम हवा होता. दादाने समजावलं, "आबा, तुमच्या आंब्यासारखंच. मोहोर आला की व्यापारी आगाऊ रक्कम देतोच ना?"

आबांनी भिंतीवरचं पोस्टर निरखलं. "देतो. पण तो बागेत येऊन मोहोर बघून जातो रे! ह्यात मोहोर कुठाय? हे तर पेटीवरचं चित्र!"



*

मग दादाने स्कीम काढली. पन्नास रुपये भरा, बुकिंगवर टोपी फुकट! शाळेत पीटी शिकवणाऱ्या सुर्वेबाईंनी एकदम चार गेम बुक केले. आम्ही खूश.

गेम आल्यावर मी फोन केला. बाई म्हणाल्या, "आले का? राहू देत गो तिकडेच. अशी टोपी बाजारात शंभराला आहे. आमचे सगळे सर घालतायत ग्राउंडवर!"

मी फोन ठेवला आणि दादाला विचारलं, "नुकसान कुणाचं होतंय?"

*

बँकेतले सावंत पहिल्याच दिवशी गेम घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत. गेम मध्येच अडकत होता. दादा म्हणाला, "कंपनीने पॅच दिलाय, इंटरनेटवरून उतरवून घ्या."

"पॅच म्हणजे ठिगळ ना? नव्या सदऱ्याला ठिगळ? आणि ते आम्हीच लावायचं?"

तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीवरून. ठिगळ उतरायला दोन दिवस लागले आणि दोन दिवस घरचा फोन एंगेज! तिसऱ्या दिवशी लांज्याहून त्यांच्या सासूबाई एसटीने घाबऱ्याघुबऱ्या दारात हजर. जावई धडधाकट बघून म्हणाल्या, "आता आलेच आहे तर राहते पंधरा दिवस!"

सावंतांनी पुन्हा कधी प्री-ऑर्डर केली नाही.

*

विनायक मिरकरवाडा बंदरातला, मच्छीमार बोट चालवणारा तांडेल. त्याने जहाजांचा गेम बुक केला होता. कंपनीने तारीख तीनदा पुढे ढकलली. बाकीची गिऱ्हाइकं माझ्यावर खेकसत होती, हा मात्र थंड. "ताई, तेंच्याकडं वादळाचा बावटा लागला असंल. बोट बंदरात ऱ्हायली तर बरीच."

शेवटी गेम आला. विनायकने आमच्याच कॉम्प्युटरवर तो लावून बघितला. समुद्र शांत, आकाश निळं, आणि त्याचं जहाज धक्क्याला बांधल्या जागी बुडालं!

"बघा! म्हणून सांगत होतो, येवढी घाई नको!"

*

दामलेकाका पोस्टातून रिटायर झालेले. आमच्या दुकानासमोरून रोज फिरायला जायचे. एक दिवस आत आले आणि क्रिकेटचा गेम बुक करायचा म्हणाले. यायला अजून सात महिने होते.

"काका, घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाही."

"मग गेम कशाला?"

"परवा मुंबईला जातोय. बायपास आहे." त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली.

मी म्हटलं, "पैसे राहू द्यात काका. मी नुसतं नाव लिहून ठेवते."

"छे छे! रीतसर पावती दे. पावती खिशात असली की माणसाला परत यावंच लागतं."

मी पावती फाडली. त्या दिवशी मी दादाशी भांडले नाही.

सात महिन्यांनी गेम आला. मी फोन करायचा की नाही या विचारात दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी काका स्वतःच दारात! वाळले होते, हातात काठी होती, पण चालत आले होते. मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि गेमचा डबा समोर ठेवला.

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, न उघडताच पिशवीत टाकला, आणि भिंतीवरच्या पोस्टरांकडे मान वर केली.

"आता पुढला कुठला येतोय गो बाय? जरा लांबच्या तारखेचा बघ."